व्हेनिसमध्ये एकटी उतरले

कॉर्फू बंदर, १५ मे १९९८

एल्दा,

मी जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुला निवांत रागावत वाचता येईल.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी बोलते आहे आणि माझ्या केबिनमधली टार्सिला लिहून घेते आहे. टार्सिला ऊदिनेची, निवृत्त नर्स, विधवा. स्वभावानं देवमाणूस, पण झोपेत घोरते. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, बाई, पत्र माझं आहे, ह्यात माझंच चालेल.

जेवण चांगलं आहे. केबिनपासून जेवणघरापर्यंतची वाट मी पहिल्याच दिवशी पाठ केली. कठडा धरून सरळ, मग जिना, मग तळलेल्या माशांच्या वासाकडे. कुठेही धडपडले नाही.

(टार्सिला म्हणते, गुडघ्याचं लिहायचं का? नको म्हटलं. पण तिनं आत्ता लिहिलंच असणार. किरकोळ आहे.)

त्या दुपारबद्दल मला बोलायचंय. सिस्टर इमाकोलाता आपल्याकडे कॉफीला आली होती. मी तुझ्याच टेबलाशी, तुझ्याच समोर बसले होते आणि तू तिला सांगत होतीस की हिला कपात कॉफीसुद्धा ओतता येत नाही. जणू मी बसले होते ती खुर्ची रिकामीच होती. मला ओतता येते, एल्दा. डोळे गेल्यावर तुझ्याकडे राहायला आले, त्या नऊ वर्षांत तू किटली माझ्या हातात दिली नाहीस, एवढंच. मग सिस्टर म्हणाली, आमच्या अंधगृहात बागेकडची खोली रिकामी होतेय. बागेकडची! मला काय बागेतली फुलं मोजायची होती? मला तेव्हा हसू आलं ते ह्यामुळे. तुला वाटलं मी उद्धटपणा केला.

म्हणून मी तुला सांगितलं की माझ्या पेन्शनच्या पैशांतून मी जहाजाचं तिकीट काढलंय, ते एक दिवस व्हेनिसला थांबतं आणि तिथे मी एकटी उतरून आपल्या सेन्सा कालव्याच्या काठापर्यंत, जुन्या घरापर्यंत चालत जाणार आहे. तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतोय. "जिथे रस्ता संपला की पाणी लागतं, त्या गावात तू एकटी फिरणार? संध्याकाळी गळ टाकून बाहेर काढतील तुला."

मग चार दिवस अबोला. तुझ्या रोक्कोनं मला बारीच्या बंदरावर सोडलं. गाडीत तो एक शब्द बोलला नाही, बिचारा. दोन बहिणींच्या मध्ये ज्याला राहायचंय त्यानं तोंड उघडू नये, हे त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलंय. जहाजाची शिडी चढेपर्यंत मी मागे कान लावून होते. तू आली नाहीस. ठीक आहे.

नीवेस

दुब्रोवनिक सोडल्यावर, १७ मे

एल्दा,

उद्या सकाळी व्हेनिस. आज एक तमाशा झाला तो ऐक.

जहाजावर सहली ठरवणारा एक अधिकारी आहे, तरुण, आवाजात साखर. प्रत्येक बंदरात तो लोकांना गटागटानं उतरवतो, पुढे एक बाई छत्री उंच धरून चालते आणि बाकीचे मेंढरांसारखे मागे. मी त्याला सांगितलं की मला छत्री दिसत नाही, त्यामुळे तुमच्या सहलीचा मला उपयोग नाही. मी एकटी जाईन.

तो म्हणाला, "बाई, एकट्या तुम्हाला सोडणं आमच्या नियमात बसत नाही. आणि व्हेनिस फार अवघड शहर आहे."

मी म्हटलं, "मी त्या शहरात जन्मले, बावन्न वर्षं तिथे राहिले. त्यातली तीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. अर्ध्या गावाची भांडणं माझ्या कानावरून गेलीत. तुम्ही किती राहिलात?"

"दर फेरीला दोन तास," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. माणूस वाईट नाही. पण ऐकेना. शेवटी टार्सिला मध्ये पडली आणि म्हणाली, मी असेन ह्यांच्याबरोबर. तेव्हा कुठे त्यानं मान डोलावली, म्हणजे डोलावली असावी, कारण तो गप्प झाला.

केबिनमध्ये आल्यावर मी टार्सिलाला सांगितलं की उद्या धक्क्यावर उतरलो की तू तुझ्या वाटेनं जा, मी माझ्या. तिनं खूप विनवलं. दहा पावलं मागे राहीन म्हणाली. मी म्हटलं, दहा काय आणि शंभर काय, मागे कुणी आहे हे कळलं की ते चालणं माझं राहत नाही. तू नऊ वर्षं माझा दंड धरून मला चालवलंस, एल्दा. दंड धरून, पुढे ढकलत, पोत्यासारखं. किती वेळा सांगितलं की तू पुढे हो, मी तुझ्या कोपराला धरते. पण तुला माझ्यावर नजर ठेवायची असायची.

टार्सिलानं शेवटी कबूल केलं. बळेच, पण कबूल केलं.

भीती वाटते का, असं ती विचारते आहे. लिही म्हटलं: नाही.

नीवेस

समुद्रात, बारीच्या वाटेवर, १९ मे

एल्दा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. घरी आले की तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर दुसऱ्याच वाक्याला आपण दोघी ओरडायला लागू आणि रोक्को बाल्कनीत पळेल. तेव्हा आधी वाच, मग ओरड.

मी गेले आणि आले. सेन्साच्या काठापर्यंत, एकटी, माझ्या काठीवर. हे तुला आधी कळू दे.

जहाज सान बाझिलिओला लागलं. उतरल्याबरोबर तो वास आला, भरती उतरताना दगडांना येतो तो. टार्सिलानं मला धक्क्याच्या टोकाला सोडलं आणि निरोप घेतला. मी पहिला पूल चढले. एल्दा, तुला कसं सांगू! बारीत फुटपाथ कधी संपेल, कधी मोटार अंगावर येईल, ह्याच्या धास्तीनं माझी मान सदा खांद्यात. इथे मोटार नाही, स्कूटर नाही. माणसांची पावलं, तेवढीच. पूल उतरता उतरता माझी मान आपोआप ताठ झाली. बोळ अरुंद झाला की आवाज जवळ येतो, चौक आला की आवाज वर उडून जातो. मला डोळे असतानासुद्धा मी इथे अर्धं कानांनीच चालत होते, ते मला काल कळलं.

सांता मार्गेरिताच्या चौकात मासळीचे ओटे धुणं चाललं होतं. एक बाई ओरडली, "सिओरा, पाणी! पाय वाचवा!" मी म्हटलं, वाचवले. आपल्या बोलीत म्हटलं. ती लगेच म्हणाली, "अरे, आपल्यातल्याच की! मग भिजलात तरी चालतंय." आणि सगळा बाजार हसला. मीही हसले. बारीत मला कुणी चिडवत नाही, माहीत आहे तुला? दुकानात मी शिरले की सगळ्यांचे आवाज देवळातल्यासारखे मऊ होतात.

फ्रारीच्या चर्चमागे मात्र घोटाळा झाला. कुठल्याशा घराची दुरुस्ती चालली होती, फळ्या लावून बोळ बंद. मी वळसा घेतला, मग आणखी एक वळले, आणि...

इथे मी टार्सिलाला सांगितलं होतं की "आणि थोड्या वेळानं वाट सापडली" असं लिही. ती पेन खाली ठेवून बसली आहे. म्हणते, नर्स असताना मी तापाचे आकडे कधी खोटे लिहिले नाहीत, आता ह्या वयात खोटं लिहिणार नाही. आणि खिडकीत वाळत घातलेला बूट कुणाचा, असं विचारते आहे.

बरं. तर खरं लिही.

मी अशा बोळात शिरले जो पाण्यात संपतो. तू म्हणाली होतीस तसाच. काठी पुढे टाकली तर खाली दगड लागला, मला वाटलं पायरी आहे, पूल असेल. पायरी होतीच, पण पाण्यात उतरणारी, शेवाळलेली. उजवा पाय घसरला आणि घोट्याच्या वर बुडाला. मी मागच्या मागे बसले. काठी हातातून सुटली नाही, हे नशीब. दोन्ही हात दगडावर दाबून बसून राहिले. कानात नुसतं रक्त वाजत होतं. कुठून आले ते कळेना, कुठे वळायचं ते कळेना. आणि डोक्यात फक्त तुझा आवाज. गळ टाकून बाहेर काढतील तुला.

होय, भीती वाटली. परवाच्या पत्रातलं "नाही" खोडून टाक.

तेवढ्यात पाण्यावरून कुणीतरी खाकरलं. बाटल्यांची खोकी एकमेकांवर आपटत होती, म्हणजे मालाची नाव असणार.

"सिओरा," तो माणूस म्हणाला, "पुढच्या पायरीपासून माशांची हद्द सुरू होते."

मी म्हटलं, "हात देऊ नका. उठवायलाही येऊ नका. सान जाकोमोचा चौक कुणीकडे तेवढं सांगा."

"हात द्यायला मला सवड कुठाय? दोन हॉटेलं पाण्यासाठी बोंबलताहेत. पाठ पाण्याकडे करा. केली? आता उजवा हात भिंतीला लावा आणि भिंत संपेस्तोवर सोडू नका. मग डावीकडे पावाच्या भट्टीचा वास येईल. तिथून पुढे तुमचं नाक आणि तुमचं नशीब."

मी उठले. पाठ पाण्याकडे केली. तो गेला नाही, एल्दा. सवड नाही म्हणाला, पण भिंत संपेपर्यंत मला त्याचं वल्हं पाण्यात पडल्याचं ऐकू आलं नाही. भट्टीचा वास आल्यावर मी काठी वर करून हलवली, तेव्हा मागे वल्हं वाजलं.

मोठ्या कालव्यावर पलीकडे नेणारी तरीची नाव अजून आहे. नावाड्यानं माझी काठी पाहिली आणि म्हणाला, बसून घ्या. मी म्हटलं, आपल्यातलं कुणी ह्या नावेत बसून जातं का? "मग उभ्या राहा, पण माझ्या नावेत पडायचं नाही," तो म्हणाला. मी पाय फाकवून उभी राहिले. मधोमध एक मोठी नाव जवळून गेली, लाट आली, शेजारच्या कुणा पाहुण्यानं माझी बाही घट्ट धरली. माझी! मी त्याला म्हटलं, गुडघे सैल सोडा, काही होत नाही.

मग सान मार्कुओला, मग गेत्तोचे पूल, मग आपला काठ. मोरी चौकात कोपऱ्यावरच्या त्या दगडी पुतळ्याच्या लोखंडी नाकाला हात लावला. नाक जागेवर आहे.

आपलं दारही जागेवर आहे, पण आपलं नाही. दार वाजवायची पितळी कडी काढलीय, घंटीची बटणं बसवलीत. वरच्या खिडकीतून परकी भाषा ऐकू आली. आईचा मासे तळायचा तवा जिथे टांगलेला असायचा, तिथे कुणीतरी रेडिओ लावला होता. आठवड्याच्या भाड्यानं प्रवाशांना देतात म्हणे. मी दारावर हात ठेवून थोडी उभी राहिले. रडले नाही. टार्सिला, रडले नाही असंच लिही, तू तिथे नव्हतीस.

शेजारी आर्मिदाचं वाइनचं दुकान. आत शिरले तर गप्पांचा आवाज थांबला. मग गल्ल्यापाशी काहीतरी फुटलं.

"नीवेस?" आर्मिदाचा आवाज. "अगं, तू? मी तर धरून चालले होते की तू गेलीस."

मी म्हटलं, "मेलेली माणसं एवढं चालून येत नाहीत. काहीतरी खायला दे."

तिनं मला मिठी मारली, मग शिव्या दिल्या, मग कांद्यात मुरवलेली तारली आणि छोटा पेला वाइन पुढे ठेवली. पेला हातात दिला नाही, पुढे ठेवला. मी तो शोधून उचलला.

आणि मग ती म्हणाली, "तीनदा फोन केला मी तुला बारीला. तुझी बहीण म्हणाली, तिला तिकडच्या कुणाशी बोलायचं नसतं. मी म्हटलं, नीवेसला? जिचा जन्म टेलिफोनवर गेला तिला?"

मी तारली खात राहिले. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, एल्दा. मी आंधळी झाले आणि त्या पहिल्या हिवाळ्यानंतर चाळीस वर्षांच्या मैत्रिणींतलं एकही माणूस मला विचारत नाही, ह्या समजुतीवर मी नऊ वर्षं काढली. तुला आठवत असेल, मी एकदा म्हणालेही होते की व्हेनिसनं मला पुसून टाकलं. तू तेव्हा मटार सोलत होतीस. सोलतच राहिलीस.

का केलंस, तेही मला कळतं. पहिल्या हिवाळ्यात आर्मिदाचा एक फोन मी घेतला होता आणि मग तीन दिवस जेवले नव्हते. तुला वाटलं असेल, जखम हवा लागल्याशिवाय भरेल. पण ती जखम नव्हती गं, ती माझी माणसं होती.

आर्मिदाचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. दुकानामागची खोली रिकामी आहे. ओल येते, भरतीच्या दिवसांत पाणी शिरतं, खिडकी कालव्यावर. ती म्हणाली, "राहायला ये. सकाळी दुकानात भांडी घासायला मला हात लाव, फोन तू घे. फोनवर मी कायम भांडते, लोक पळून जातात." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जहाज गाठायचं होतं.

आता पुढचं टार्सिलाबद्दलच आहे, पण तिनं ते स्वतःच्या हातानं लिहायचंय, तिची शिक्षा आहे ती.

परत येताना सान जाकोमोच्या चौकात शिरले तर कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई रडत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऊदिनेकडच्या हेलात "जहाज कुठे? जहाज?" असं विचारत होती. लोक तिला वेगवेगळ्या दिशा सांगत होते. मी बाकापाशी जाऊन म्हटलं, "टार्सिला, ऊठ."

"तुला कसं कळलं मी आहे ते?"

"चार रात्री तुझं घोरणं ऐकलंय. रडतेसही त्याच सुरात."

ती माझ्या मागोमाग आली होती. कबूल करूनही आली होती. तरीपाशी मी नावेत चढले आणि तिची उभं राहायची छाती होईना, म्हणून पूल शोधायला गेली आणि ह्या बोळातून त्या बोळात दुपारभर फिरत राहिली. पायाला फोड आले, बूट काढून बसली होती. शेवाळाच्या पायरीपाशी मी बसले तेव्हा ती मागच्या कोपऱ्यावर होती, तोंडावर हात दाबून. मला पुढे होऊन धरणार होती. मग त्या नाववाल्याशी मी बोलले ते ऐकलं आणि जागीच थांबली.

माझा संताप झाला. मी म्हटलं, तू मला शब्द दिला होतास.

ती म्हणाली, "तुझ्या आधी मी दुसरा शब्द देऊन बसले होते." आणि मग सांगितलं. बारीच्या धक्क्यावर, मी शिडी चढून वर गेल्यावर, करड्या कोटातली एक बाई धापा टाकत आली होती. बसनं आली असावी. माझ्या बॅगेवरचा केबिनचा नंबर रोक्कोकडून काढून घेतलेला. टार्सिला त्याच केबिनची म्हटल्यावर तिचा हात धरला आणि म्हणाली, तिला कळू देऊ नका. तिला धरूही नका, ती चिडते. पूल उतरताना ती डावा पाय आधी टाकते, पायऱ्या ओल्या असल्या तर तेवढं बघा. एवढं बोलून ती बाई वळली आणि गेली.

मी बाकावर टार्सिलाच्या शेजारी बसले. मी डावा पाय आधी टाकते हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

तू माझी माणसं माझ्यापासून तोडलीस आणि तूच धापा टाकत धक्क्यावर आलीस. दोन्ही तूच. मी ह्यातलं एक धरून दुसरं सोडू शकत नाही. काल दिवसभर प्रयत्न केला, जमलं नाही.

मग मी टार्सिलाला बूट घालायला लावले आणि म्हटलं, माझ्या कोपराला धर. दंड नाही, कोपर. तिला घेऊन मी सान बाझिलिओला आले. फळ्या लावलेला बोळ टाळून, भट्टीवरून, मासळीच्या ओट्यांवरून. प्रत्येक पुलाला मी सांगायची, आता चढ, आता उतार. जहाजाच्या शिडीपाशी तो साखरेच्या आवाजाचा अधिकारी उभा होता. टार्सिलाचे पाय पाहून घाबरला असावा. म्हणाला, "बाईंना नीट घेऊन आलात ना?"

टार्सिला म्हणाली, "मी नाही. त्या मला घेऊन आल्या."

अख्खी संध्याकाळ जेवणघरात तीच गोष्ट चालली होती. बटाटे वाढणारासुद्धा मला "कप्तान" म्हणत होता. हसायचं तर हस, पण मला आवडलं.

तर ऐक, एल्दा. सिस्टर इमाकोलाताला नाही म्हणून कळव. बागेकडची खोली दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. मी आर्मिदाच्या मागच्या खोलीत राहायला जाणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. पण तू हे पत्र स्वयंपाकघरात उभी राहून वाचत असशील, मी बाहेरच्या खोलीत असेन. वाचून झालं की कॉफी टाक. ओतेन मी.

नीवेस

व्हेनिस, ४ नोव्हेंबर

एल्दा,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आर्मिदाच्या भाच्याचं जुनं टंकयंत्र मिळालं. एक्स्चेंजमध्ये आम्हाला न बघता टाइप करायला शिकवलं होतं, तेव्हा मुली कुरकुरायच्या. चुका असतील तर सोडून दे. ह्या पत्रात आपल्या दोघींखेरीज तिसरं कुणी नाही, म्हणून दोन गोष्टी लिहिते ज्या टार्सिलासमोर लिहिता आल्या नसत्या.

एक, दाराला हात लावून उभी होते तेव्हा मी रडले होते.

दुसरी, त्या दिवशी तू पत्र वाचलंस आणि एक शब्दही बोलली नाहीस. मी कॉफी ओतली, तू प्यालीस, कप ठेवलास. मला वाटलं, संपलं आता, ही आयुष्यभर बोलणार नाही. पण माझी बॅग तू भरलीस. इथे येऊन उघडली तर लोकरीचे मोजे सगळ्यांत वर, आणि त्यांच्या आत आईच्या मासे तळायच्या तव्याची मूठ. तवा गेला, मूठ तू जपून ठेवली होतीस. आर्मिदानं तिला नवा तवा बसवून आणला. आत्ता तो स्टोव्हपाशी टांगलाय.

इकडचं विचारतेस तर ऐक. सप्टेंबरात गेत्तोच्या पुलावर पडले. उठले. मनगट आठवडाभर सुजलं होतं. गेल्या आठवड्यात खोलीत पाणी शिरलं, आर्मिदा आणि मी बूट घालून टेबलावर बसून पत्ते खेळलो. माझे पत्ते टोचून खुणा केलेले आहेत, ती म्हणते मी फसवते. दुकानाचा फोन मीच घेते. मालाच्या नावेवरचा तो माणूस मला आता पाण्यावरूनच हाक मारतो, "सिओरा, माशांची हद्द!" म्हणून. त्याचं नाव बेपी. त्याला मुलं आहेत, नातवंडं आहेत, उगाच काही मनात आणू नकोस.

मासळीला मी एकटीच जाते. मासे ताजे आहेत का हे मी नाकानं सांगते आणि बाजारातल्या बायका आता मला वास घ्यायला बोलावतात. तारलीचा भाव माझ्यामुळे दोनदा पडलाय.

तुझं पत्र परवा आलं. आर्मिदानं वाचून दाखवलं. पाच महिन्यांनी का होईना, आलं. तू म्हणतेस यायचंय, पण आईला मातीआड करून निघालीस त्यानंतर कधी ह्या गावात आली नाहीस, वाटा आठवत नाहीत, पुलांवर चक्कर येते, आता गुडघेही राहिले नाहीत. आणि स्टेशनवर आर्मिदाला पाठव, असं लिहिलंस.

आर्मिदाला दुकान आहे. मी येईन.

गाडीतून उतरलीस की डब्यापाशीच थांब. शोधत फिरू नकोस, हाकही मारू नकोस. रुळांना शिव्या देत बॅग ओढणारी बाई सगळ्या फलाटावर एकच असेल. स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर पाणी आहे, ते तुला माहीतच आहे. तिथून मी पुढे, तू माझ्या कोपराला धरून.

पायऱ्या मी सांगेन.

नीवेस